जुन्या पुस्तकावर आता नवीन काय लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही गोव्यात साखळीला राहता, पतसंस्थेत नोकरी करता, संध्याकाळी वाचता. मराठीतली जुनी, नावाजलेली पुस्तकं एकेक करून वाचायची आणि प्रत्येकावर नेमाने लिहायचं असं ठरवलंत. दोन-तीन लेख झाले आणि मग वाटू लागलं की यावर प्राध्यापकांनी आधीच सगळं लिहून ठेवलंय, आपण काय वेगळं सांगणार? शिवाय पुस्तकं हाताशी नाहीत, आणि एखादं थोर पुस्तक आवडलंच नाही तर तसं छापायचं का, हीही धास्ती आहे. मी फोंड्याला बरीच वर्षं एक वाचक मंडळ चालवते आणि जुन्या पुस्तकांवर लिहिते. त्या अनुभवातून जमेल तेवढं सांगते.

आधी ‘आपण काय वेगळं सांगणार’ या शंकेचं बोलू. नव्या पुस्तकाचं परीक्षण वाचणाऱ्याला मुख्यतः एवढंच जाणून घ्यायचं असतं की विकत घेऊ की नको. जुन्या पुस्तकाच्या बाबतीत तो प्रश्न निकालात निघालेला असतो. पुस्तक चांगलं आहे हे त्याला शाळेपासून सांगून झालंय, आणि पुष्कळदा त्या भरवशावरच त्याने ते उघडायचं टाळलंय. अशा पुस्तकाची आणखी एक स्तुती लिहून कोणाचं काही भलं होत नाही. मला विचाराल तर लिहिण्याजोगी जागा वेगळीच असते. ते पुस्तक छापून आलं तेव्हा ज्याने पहिल्यांदा हातात घेतलं तो वाचक आणि आज ते उघडणारे तुम्ही, या दोघांमध्ये काय काय होऊन गेलंय ते पाहा. त्याला काय ठाऊक होतं, काय नव्हतं; तो कशाने दचकला आणि तुम्हाला तिथे काहीच का वाटलं नाही; तो जिथून सहज पुढे गेला तिथे तुम्ही का अडखळलात. प्राध्यापकांना यातलं बरंच माहीत असतं, त्यांचं वाचन आपल्यापेक्षा जास्त असतं. पण पतसंस्थेतून घरी आलेला माणूस नेमका कोणत्या पानावर थांबला हे त्यांना कुठून कळणार?

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घ्या. सुरुवात करायला याहून चांगलं पुस्तक मला सुचत नाही, कारण ती लहान आहे, दोन बैठकांत संपते, आणि भाषा आजही कुठे अडत नाही. युरोपातून मुंबईकडे निघालेली एक बोट, हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून पळालेले ज्यू प्रवासी, चक्रधर नावाचा हिंदुस्थानी तरुण आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी. पुस्तक १९३९ सालचं. आता हा आकडा लेखात नुसता कंसात टाकून पुढे जाऊ नका, त्याच्यापाशी थांबा. १९३९ साली ही कादंबरी वाचणाऱ्याला हे ज्यू घरदार सोडून निघालेले निर्वासित म्हणूनच दिसत होते. पुढच्या पाच-सहा वर्षांत युरोपात साठ लाख ज्यू मारले जाणार आहेत हे ना त्या वाचकाला माहीत होतं, ना लिहिणाऱ्याला. आपल्याला माहीत आहे. म्हणून बोटीवरचं एखादं साधं संभाषण, एखादा विनोदसुद्धा, आपल्याला वेगळाच ऐकू येतो. बेडेकरांनी जे लिहिलंच नाही तेही आपण वाचत असतो. माझ्या मते ‘रणांगण’वरचा चांगला लेख या ऐकू येण्याविषयी असतो. प्रेमकथा किती करुण आहे हे सांगणारे लेख खूप झालेत.

याच चष्म्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ पाहा. इथे जरा सविस्तर सांगते, कारण नवे लिहिणारे सगळ्यात जास्त याच पुस्तकाशी घसरतात. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ही कादंबरी त्यातून क्रमाने आली. पुस्तकरूपाने ती १८९३ची. यमूच्या तोंडून सांगितलेली तिची स्वतःची कहाणी: माहेर, लग्न, सासर, वैधव्य, केशवपन. आमच्या मंडळात ती लावली तेव्हा कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, “ही घर सोडून निघून का जात नाही?” वयाने मोठ्या दोघीतिघींनी लगेच उत्तर दिलं, “त्या काळी तसंच होतं गं.”

हे वाक्य तुमच्या लेखात कधीही येऊ देऊ नका. ते ऐकायला समजूतदार वाटतं, पण त्याने पुस्तक झाकलं जातं. त्या काळी तसंच होतं आणि सगळ्यांना ते मान्य होतं, तर हरिभाऊंनी एवढी शाई कशासाठी खर्च केली? ही कादंबरी ‘करमणूक’मधून येऊ लागली त्याच सुमारास, १८९१च्या मार्चमध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करण्याएवढाच बदल, पण त्यावरून पुणं दुभंगलं होतं. टिळक विरोधात, आगरकर आणि रानडे बाजूने, सभा उधळल्या जात होत्या, वर्तमानपत्रं एकमेकांवर तुटून पडत होती. त्याच्या काही वर्षं आधी मुंबईत रखमाबाईंनी नवऱ्याघरी नांदायला जायला कोर्टात नकार दिला होता. म्हणजे यमूची गोष्ट दर आठवड्याला वाचणारा माणूस ज्या घरात बसला होता त्या घरात या विषयावर आधीच भांडण पेटलेलं होतं. अशा घरात हरिभाऊंनी एका मुलीचा आवाज आणून सोडला. आता त्या कॉलेजातल्या मुलीचा प्रश्न पुन्हा वाचा. तो भाबडा नाही. यमू निघून का जात नाही, तिच्यापुढे कोणत्या वाटा खरोखर होत्या, कोणत्या कायद्याने, पैशाने, शिक्षणाने बंद होत्या, आणि कोणती वाट लेखकाने स्वतः तिला दाखवली नाही, यावर एक अख्खा लेख होतो. होतो म्हणजे त्या मुलीने तो लिहिला, आणि आमच्याकडे त्या पुस्तकावर आलेला तोच सगळ्यात चांगला.

जुन्या काळाला आजच्या मापाने झोडपणं हाही तेवढाच सोपा रस्ता. एखाद्या लेखकाची जातीविषयीची, बाईविषयीची ओळ खटकली तर ती दाखवा, पान सांगा. मग पाहा की त्याच वर्षी दुसरं कोणी वेगळं लिहीत होतं का. होतं, असं बहुतेक वेळा सापडतं. तसं सापडलं की तुमचा आक्षेप नुसता तुमचा राहत नाही, त्या काळातूनच उभा राहतो.

‘श्यामची आई’चं दुखणं निराळं. या पुस्तकावर लिहायला बसणारा बहुधा पुस्तक न उघडताच लिहितो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे आचार्य अत्र्यांचा १९५३चा चित्रपट असतो, तो ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. साने गुरुजींनी यातला बराच भाग १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिला, पुस्तक आलं १९३५ला. उघडून पाहिलं तर पहिली गोष्ट ही दिसते की मुलगा आईबद्दल बोलतोय असं ते नाहीच. एक मोठा झालेला माणूस आश्रमात रात्री मित्रांपुढे बसून, आपण आईशी कुठे कुठे चुकीचं वागलो ते कबूल करतोय. ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असं करत बेचाळीस रात्री. ऐकणारी माणसं आहेत, ती मध्येच काही म्हणतात. चित्रपटाने आई ठळक केली, पुस्तकात पश्चात्ताप ठळक आहे. काही रात्री मला आज जड जातात, रडू आणण्याची घाई जाणवते. तरी हा सांगणारा माणूस कोण आणि तो कोणापुढे बोलतोय एवढं धरून वाचलं की पाठ्यपुस्तकातल्या धड्यापलीकडचं बरंच हाती लागतं. चित्रपट किंवा नाटक निघालेल्या कोणत्याही पुस्तकाला हे लागू आहे. आधी आठवणीतला चित्रपट कागदावर चार ओळींत लिहून काढा, बाजूला ठेवा, आणि मग पुस्तक वाचा.

आता आपल्याकडचं. गोव्यात बसून लिहिताना एक मोठी सोय आहे ती कोणी वापरत नाही. आपण ‘मराठी अभिजात’ म्हटलं की पुण्या-मुंबईकडे बघतो. बा. भ. बोरकरांच्या कविता सगळ्यांना पाठ, पण त्यांची ‘भावीण’ ही कादंबरी विचारली तर आमच्या मंडळातल्या निम्म्यांनी नावही ऐकलेलं नव्हतं. १९५०चं पुस्तक, म्हणजे गोवा मुक्त व्हायला अजून अकरा वर्षं होती. देवळाच्या सेवेला वाहिलेल्या बाईचं आयुष्य हा विषय. बोरीचा कवी तो लिहितो, सहानुभूतीने लिहितो, गद्यातही कवी लपत नाही. पण हे वाचून झालं की तेवढ्यावर लेख लिहू नका. राजाराम पैंगीणकरांचं ‘मी कोण?’ मिळवा. ते आत्मचरित्र आहे आणि ते त्याच परंपरेत जन्मलेल्या, समाजसुधारणेसाठी झटलेल्या माणसाने लिहिलंय. एक बाहेरून पाहिलेलं, एक आतून भोगलेलं. दोन्ही शेजारी ठेवली की कादंबरीतल्या करुणेकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहता: ही कणव कोणाला हवी होती, आणि ज्यांच्याविषयी आहे त्यांनी काय मागितलं होतं? पैंगीणकरांना कणव नको होती, हक्काची जागा हवी होती, असं माझं वाचन आहे. तुमचं वेगळं होईल.

इथे एक सावधगिरी. गोवा लहान आहे. अशा विषयावर लिहिताना ‘आमच्या वाड्यावरचं अमुक घराणं’ अशा खुणा घालायचा मोह होतो, आणि वाचणाऱ्याला दोन मिनिटांत घर ओळखता येतं. पुस्तकात जे छापलंय त्यावर लिहा. शेजाऱ्यांच्या इतिहासाला लेखात आणायचं तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

सावईवेऱ्याचे लक्ष्मणराव सरदेसाई, सत्तरीतल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी यांच्या कथाही अशाच पडून आहेत. सरदेसायांच्या कथांतला पोर्तुगीज अमदानीतला गाव, तिथला रेजिदोर (सरकारने नेमलेला गावचा अधिकारी), पाखल्याचा (गोऱ्या पोर्तुगीज शिपायाचा) धाक हे आजच्या पंचविशीतल्या गोवेकरालाही समजावून सांगावं लागतं. मग ते सांगा की! महाराष्ट्रातल्या समीक्षकाला जे शोधून काढावं लागेल ते तुम्हाला घरातल्या आजोबांना विचारून मिळतं.

ख्रिस्तपुराणाबद्दल तुम्ही खास विचारलंत म्हणून. त्याने सुरुवात करू नका. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्वीत (जेझुइट संघाचा) पाद्री १५७९ साली गोव्यात आला, त्याचं हे ओवीबद्ध पुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. मराठी भाषेची थोरवी गाणारी त्यातली एक ओवी व्यासपीठावरून वर्षातून दहादा म्हटली जाते आणि उरलेल्या कोणी उघडत नाही. उघडायच्या तर मोठ्याने वाचा, आठवड्याला एक अवस्वरू, म्हणजे सर्ग, जास्त नको. हे पुराण देवळांतून, म्हणजे ख्रिस्ती देवळांतून, जमलेल्या लोकांना वाचून दाखवलं जायचं, मनातल्या मनात वाचण्यासाठी ते रचलेलंच नव्हतं. कोकणी घरातल्या माणसाला तर मोठ्याने वाचताना पुष्कळ जागा आपोआप उलगडतात.

पण त्याच्यावर लिहायचं तर कोणती आवृत्ती वाचली हे पहिल्या परिच्छेदात सांगावंच लागेल. त्या तिन्ही जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज माहीत नाही. आपण वाचतो ते हस्तलिखितांवरून सिद्ध झालेलं. जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून रोमन लिपीत काढलेली आवृत्ती आणि शांताराम बंडेलूंची १९५६ची देवनागरी या हाताशी येणाऱ्या जुन्या. नुसतं ‘ख्रिस्तपुराणात म्हटलंय’ असं लिहिलंत तर जाणकार तिथेच लेख मिटतील. हीच गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची. मूळ चार भाग १९३४पासून क्रमाने आले, पण बाजारात संक्षिप्त प्रतही मिळते आणि संपूर्णही. संक्षिप्त वाचून ‘लक्ष्मीबाई अमुक विषयावर गप्प आहेत’ असं लिहिणारे मी पाहिलेत. गप्प त्या नव्हत्या, कात्री लावणारा होता. त्यामुळे हातात पुस्तक आलं की पहिली दोन पानं आणि शेवटचं पान आधी बघा: आवृत्ती कितवी, संपादित आहे का, प्रस्तावना कोणाची, मूळ कुठल्या नियतकालिकात आलं.

त्या शेवटच्या गोष्टीला मी फार मानते. ‘बनगरवाडी’ आधी ‘मौज’च्या १९५४च्या दिवाळी अंकात आली, पुस्तक पुढच्या वर्षी. दिवाळी अंकात एका बैठकीत संपावं असं काही व्यंकटेश माडगूळकर लिहीत होते, म्हणून ती इतकी आटोपशीर, एक फाजील वाक्य नाही. उलट ‘पण लक्षात कोण घेतो?’ कंटाळवाणी वाटते तेव्हा ती आठवड्याआठवड्याने वाचून पाहा. रोज पन्नास पानं रेटली की हरिभाऊ पुनरुक्ती करतात असं वाटतं. आठवड्याने पुढचा तुकडा हाती आला की तीच पुनरुक्ती सोयीची होते, कारण मागचं आपण विसरलेलो असतो.

पुस्तकं कुठे मिळवायची? पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ साली ‘पुब्लिका लिव्हरारिया’ म्हणून सुरू झालेली ही संस्था आहे, आणि आज जिच्यावर नाव आहे तो केळशीचा कृष्णदास शामा १५२६ साली कृष्णचरित्र ओव्यांत लिहायला बसला होता. दुर्मीळ आणि गोव्याविषयीची पुस्तकं तिथे वेगळ्या विभागात आहेत. ती घरी मिळत नाहीत, बसून वाचावी लागतात. सुटीच्या दिवशी साखळीहून सकाळची बस धरा आणि जाताना मागायच्या पुस्तकांची यादी लेखक, प्रकाशक, साल यांसह लिहून न्या. नुसतं नाव सांगून कर्मचाऱ्याला कामाला लावू नका. गावोगावची जुनी वाचनालयंही विचारा. कपाटं उघडून दाखवणारं कोणी भेटलं की तिथे कधी कधी पाटोवरही नसलेलं काही सापडतं. घरबसल्या मराठी विकिस्रोत, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची मोफत पुस्तकं आणि इंटरनेट अर्काइव्हवरच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. स्कॅन प्रतीत पानं गहाळ असतात, क्रमांक मोजून घ्या.

विकत घेतलेल्या जुन्या प्रतींचे आपल्याकडे पावसाळ्यात हाल होतात. १९४०-५०च्या सुमाराचा कागद ठिसूळ असतो, त्यात जून ते सप्टेंबर दमट हवा. बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. कपाट घट्ट बंद ठेवू नका, पुस्तकं भिंतीला टेकवू नका, उघडीप मिळाली की पंख्याखाली पानं उलगडून ठेवा, उन्हात मात्र नको. झेरॉक्ससाठी पुस्तक उलटं दाबलं की शिवण तुटते. मोबाइलने फोटो काढा.

टिपणं कशी काढायची हे ज्याचं त्याने ठरवावं. मी वाचनालयाच्या पुस्तकाला पेन्सिल लावत नाही, जुन्या दिनदर्शिकेच्या चिठ्ठ्या पानांत घालते आणि चिठ्ठीवर पान क्रमांकासोबत तिथे काय वाटलं ते लिहिते. ‘सुंदर’ असं लिहायला मनाई. ‘हसले’, ‘राग आला’, ‘कळलं नाही’, ‘हे आईने सांगितलं होतं’ असं चालतं. पुस्तक संपलं की चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या. लेखाचा विषय सहसा ‘कळलं नाही’च्या ढिगातून निघतो. संपूर्ण पुस्तकावर लिहायचा अट्टहास सोडा, एखाद्या प्रसंगावर, एखाद्या दुय्यम पात्रावर लिहा. ‘बनगरवाडी’वर लिहिताना मास्तर आणि कारभारी यांच्यावर सगळेच लिहितात. तालमीच्या बांधकामावर लिहा: ज्या वस्तीत शाळेलाच पोरं मिळायची मारामार, तिथे तालीम उभारायला माणसं का राबली?

समीक्षा वाचायची, पण पहिला खर्डा झाल्यावर. कुसुमावती देशपांड्यांचं ‘मराठी कादंबरी: पहिले शतक’ सारखं पुस्तक आधी उघडलं तर तुम्ही त्यांच्याच डोळ्यांनी वाचत सुटता, त्यांची नजर इतकी तयार आहे की सुटका होत नाही. खर्डा झाल्यावर उघडलंत तर भांडता येतं, आणि जिथे त्या बरोबर आहेत तिथे मुकाट्याने ओळ खोडता येते.

पुस्तक आवडलं नाही तर? लिहा. एवढंच पाहा की कंटाळा आणि मतभेद यांची गल्लत होत नाहीये. कंटाळा आला असेल तर पुस्तक महिनाभर बाजूला ठेवून तीच पन्नास पानं पुन्हा वाचा. ऑफिसातून दमून आल्यावर वाचलेलं पुस्तक फुकट बदनाम होतं. तरीही कंटाळा आला तर कोणत्या पानापासून आला ते सांगा. मतभेद असेल तर मूळ उतारा द्या, म्हणजे वाचणाऱ्याला तुमच्याशी असहमत व्हायची सोय राहील. थोर पुस्तकाला नावं ठेवली म्हणून आपल्याकडे लोक रागावतात, चार दिवस फोन येतात. त्या फोनवाल्यांपैकी किती जणांनी पुस्तक वाचलंय ते मात्र मी हल्ली लगेच विचारते.

कथानक किती सांगावं याला नियम नाही. शाळेत शिकवलेल्या पुस्तकाचा शेवट लपवण्यात अर्थ नाही. ‘रणांगण’चा मात्र सांगू नका.

उताऱ्यांचं गणित सोपं आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. हरिभाऊ १९१९ला गेले, लक्ष्मीबाई १९३६ला, साने गुरुजी १९५०ला. यांचं लेखन मोकळं आहे, पानंच्या पानं दिलीत तरी हरकत नाही. बोरकर १९८४ला गेले, म्हणजे २०४४ अखेरपर्यंत थांबायचं. बेडेकर १९९८ला, माडगूळकर २००१ला, ते आणखी पुढचे. समीक्षेसाठी त्यांच्या ओळी उद्धृत करायला कायद्याने मोकळीक आहे, पण अख्खं प्रकरण किंवा अख्खी कविता टाकू नका. जुन्या पुस्तकाला नव्या संपादकाने लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा यांचा हक्क वेगळा असतो, हे लोक विसरतात.

महिन्याला एक लेख पुरे. आठशे-हजार शब्द. आठवड्याला एक करायला गेलात की पुस्तकं संपवण्यासाठी वाचली जातात, आणि सगळे लेख एकसारखे दिसू लागतात.

पुढचं पुस्तक म्हणून मी तुम्हाला धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ हे आत्मचरित्र सुचवीन. सांखवाळला १८७६मध्ये जन्मलेला हा माणूस, घरची नारळाची बागायत बघणारा, औपचारिक शिक्षण जवळपास नाही. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचतो आणि त्या ओढीने पुढे घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिलोन पालथं घालतो, पाली शिकतो, हार्वर्डपर्यंत पोचतो. पुस्तक १९२४चं, गद्य साधं, कुठे आव नाही. पण हे सगळं तो पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून करतो, आणि त्याबद्दल तो किती लिहितो आणि किती नाही हे चिठ्ठ्या घालत वाचा. १९२४च्या वाचकाला ज्ञानासाठी घर सोडणाऱ्या पुरुषाची गोष्ट ओळखीची होती, बुद्धाचीच ती गोष्ट. तुमच्या घरातली बाई ती वाचेल तेव्हा वेगळा प्रश्न विचारेल. तिला वाचायला द्या आणि तो प्रश्न लिहून घ्या. कोसंबी १९४७ला गेले, त्यामुळे हवे तेवढे उतारे देता येतील. पाटोवर स्वतंत्र ‘निवेदन’ मिळालं नाही तर ज. स. सुखठणकरांनी संपादित केलेला ‘धर्मानंद’ हा ग्रंथ मागा, आत्मचरित्र त्यात आहे.